ओवीची जुळी

निवडीची यादी लागली तेव्हा ओवी तिटकारे नवव्या नंबरावर होती. संघात जागा दोन. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. चष्म्याचा काही दोष नव्हता.

मी हेमांगी खोपडे. राष्ट्रीय क्रीडारोहण महासंघाची मुख्य रूट सेटर. म्हणजे स्पर्धेच्या कृत्रिम भिंतीवर कुठली पकड कुठे बसवायची, खेळाडूला कुठे दमवायचं आणि कुठे फसवायचं हे ठरवणारी बाई. तीस वर्षं हातात ड्रिल मशीन घेऊन मी हेच करत आले. माघारी मला सगळे ‘ड्रिल’ म्हणतात. ते नाव मशीनवरून पडलं असं मला सांगितलं जातं, आणि मीही ते मानून घेते.

यादी वाचल्यावर कुणाला तरी फैलावर घ्यावंसं वाटत होतं, पण घेणार कुणाला? यादी माणसांनी केलीच नव्हती. ती जुळ्यांनी केली होती, आणि जुळ्यांना तो अधिकार देणारा नियम मीच लिहिला होता.

त्या आधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय केलं ते कळेल. पूर्वी निवड एका दिवशी, एका मार्गावर, एका प्रयत्नात व्हायची. पाय निसटला की वर्ष गेलं. बरं, निकाल लागल्यावर तरी तो टिकावा? छे! संध्याकाळपासून फोन सुरू. ‘आमच्या राज्याची पोरगी तेवढी बघा.’ माझ्या वडिलांच्या तेराव्यालासुद्धा मला असा फोन आलेला आहे. त्यात एक-दोनदा यादी बदललीही गेली, आणि घरी बसलेल्या मुलींची तोंडं मला अजून आठवतात.

मग डॉ. अन्वर तांबोळी आमच्या मुळशीच्या केंद्रात आले. हा माणूस मुळात पुलांचा. पुलावरून जाणारा ट्रक किती जड आहे हे पुलाला कळावं, म्हणून ते पुलांत भारमापक बसवायचे. पुलाला कळतं तर पकडीला का कळू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आमच्या भिंतीतल्या प्रत्येक पकडीमागे बटणाएवढा भारमापक बसवला. कुणी पकडीला हात घातला की तो कुठल्या दिशेनं, किती ओढतोय, हे सेकंदाला पाचशे वेळा नोंदलं जायचं. कॅमेरे मान, हनुवटी, कोपरं, गुडघे, कंबर टिपायचे. महिन्यातून एकदा बोटांची सोनोग्राफी. बोटातला कंडरा हाडाला धरून ठेवणारे बारीक पट्टे असतात, ते तुटले की क्लाइंबर संपला. त्यांची जाडी आणि ताण मोजला जायचा.

या सगळ्यातून संगणकात प्रत्येक मुलीची एक जुळी तयार होई. तिला चेहरा नव्हता, पण तेवढेच लांब हात होते, तसंच दमणं होतं आणि त्याच सवयी होत्या. नवा मार्ग दाखवला की जुळी तासाभरात तो दहा हजार वेळा चढून बघायची, आणि सरासरीनं ती कुठवर पोचते ते सांगायची. दहा हजारांत एखादा पाय निसटला तर काही बिघडत नाही. बोटांच्या दुखापती निम्म्यावर आल्या, कारण निवडीसाठी जीव काढून चढायची गरज उरली नाही. आणि फोन बंद झाले. जुळीला फोन कुठे लावणार?

‘जुळीचा निकाल अंतिम, त्यावर अपील नाही.’ हे कलम नऊ माझं. ते मंजूर झालं त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं होतं.

*

ओवी भिंतीखाली बसून ब्रशनं पकडी साफ करत होती. भीमाशंकरच्या पलीकडच्या डोंगरातली ही पोरगी. आई केंद्राच्या स्वयंपाकघरात लागली तेव्हा ओवी दहा वर्षांची होती, आता एकोणीस. उंची चार फूट अकरा इंच. तिला चढायला मी शिकवलं, असं मी सांगते. खरं म्हणजे मी ती चढताना बघितली आणि मध्ये आले नाही.

“नववी,” ती म्हणाली. “बरंय की. दहावी नाय.”

“विनोद नकोत.”

“मग काय करू ताई? जुळी म्हणतीय, मी चौदाव्या पकडीला सोडते, एकोणिसाला सोडते, तेविसाला सोडते. काल सरावाला तेविसावर खरंच सुटलं. हात भरले नव्हते ओ. पण तिथं पोचले आन् वाटलं, आपलं इथंच सुटतं.”

नववा नंबर मी एक वेळ पचवला असता. पण हे वाक्य पचणारं नव्हतं. पोरगी जुळीचं ऐकायला लागली होती.

मी तडक कार्यालयात गेले आणि तिच्या जुळीच्या चढाया पडद्यावर लावल्या. एक, दोन, वीस, चाळीस. जुळी झकास चढायची, आणि नेमक्या अवघड जागी सोडायची. सोडतानाचं तिचं अंग मी नीट पाहिलं. हनुवटी छातीशी, गुडघे किंचित वाकलेले, हात दोरापासून लांब. दमलेला माणूस असा पडत नाही. दमलेला माणूस पडतो तेव्हा बोटं शेवटपर्यंत ओरबाडत असतात, पाय वेडेवाकडे जातात, तोंड उघडं असतं.

असं व्यवस्थित फक्त टेस्टर पडतात. आणि ओवीला टेस्टर मीच केलं होतं.

हे जरा सांगायला हवं. मार्ग रचला की स्पर्धेआधी तो कुणीतरी चढून तपासावा लागतो. टेस्टरचं काम वर पोचणं नसतं. तिनं प्रत्येक अवघड जागी मुद्दाम हात सोडायचा, आणि इथून पडणारी मुलगी भिंतीवर तर आपटत नाही ना हे बघायचं. चुकीच्या बाजूनं जाऊन बघायचं, पकड तिरकी ओढून ती फिरते का ते पाहायचं. आमचे सगळे टेस्टर उंच मुलगे. बुटक्या मुलींचे हात पोचतच नाहीत असे मार्ग देशभर रचले जात होते आणि कुणाला पत्ता नव्हता. म्हणून मी तीन वर्षं ओवीला भिंतीवर चढवलं. ज्या स्पर्धेत टेस्टर व्हायचं तिथे खेळता येत नाही, त्यामुळे तिच्या सहा स्पर्धा बुडाल्या. तिच्यामुळे देशातल्या प्रत्येक बुटक्या मुलीला वर जायला वाट मिळाली.

आता माझी शिस्त बघा. दुसऱ्याचा हार्नेस कुणीही कधीही घालायचा नाही, हा माझा पहिला नियम. कमरेचा हा पट्टा ज्याचा त्याला बसतो, आणि ढिला पट्टा माणूस मारतो. म्हणून ओवी टेस्टिंगलाही स्वतःचाच हार्नेस घालायची. त्या हार्नेसमध्ये तिची चिप होती, आणि भिंत चिपवरूनच माणूस ओळखते. भारमापक कधीही बंद करायचे नाहीत, नाहीतर लोक लबाडी करतात, हा माझा दुसरा नियम. तिसरा सगळ्यात जुना: मार्ग फुटू नये म्हणून टेस्टिंगचे कागद स्पर्धेआधी फाडून टाकायचे आणि टेस्टर कोण होतं हे कुठे लिहून ठेवायचं नाही. तिन्ही नियम चोख पाळले गेले. त्यामुळे तीन वर्षांत ओवीनं माझ्या सांगण्यावरून मारलेली प्रत्येक उडी तिची हार म्हणून नोंदली गेली, आणि तशी ती नव्हती हे सांगणारा एक चिटोराही उरला नाही.

*

“टेस्टिंगच्या चढाया कुठल्या ते सांगा, मी काढून टाकतो,” तांबोळी म्हणाले. “अर्ध्या तासाचं काम आहे.”

“नोंद नाही.”

“आठवणीनं?”

“अकराशेच्या वर वेळा पडलीय ती, डॉक्टर.”

त्यांनी दोन आलेख शेजारी लावले. टेस्टर सोडते तेव्हा पकडीवरचा भार हळूच, सरळ उतरतो. दमलेली पडते तेव्हा तो थरथरत उतरतो. मला आशा वाटली. पण त्यांनी मान हलवली.

“निम्म्या चढायांबद्दल मी छातीठोक सांगेन. उरलेल्या निम्म्यांत माझा अंदाज असेल. आणि तो अंदाज तुमच्या केंद्रातल्या मुलीच्या फायद्याचा असेल. फोनवरून यादी बदलत होती, आता आलेखावरून बदलेल. फरक काय राहिला?”

माणूस सज्जन असला की त्याचा राग येतो तो असा.

“मग दुसरा रस्ता?”

“तुम्हालाच माहीत आहे तो,” ते हळू आवाजात म्हणाले. “कलम चार.”

माहीत होता. हंगाम संपला की मुख्य रूट सेटर लिहून देते, की भिंतीनं नोंदलेली प्रत्येक चढाई हा खरा प्रयत्न होता. ते सत्यापनपत्र मागे घेतलं, तर त्या हंगामाच्या सगळ्या जुळ्या रद्द होतात. फक्त ओवीची नाही, सगळ्यांच्या. कारण कुठली जागा किती अवघड हे यंत्र सगळ्यांच्या पडण्यावरून ठरवतं, आणि एकीचं पडणं खोटं निघालं की बाकीचे आकडेही डळमळतात. मग निवड जुन्या पद्धतीनं: बाहेरचा सेटर, एक मार्ग, एक प्रयत्न. आणि खोटं सत्यापन देणाऱ्या पदाधिकाऱ्यावर आठ वर्षांची बंदी. हे कलम सोळा. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. आठ मिळवून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षांसमोर सत्यापन मागे घेत असल्याचं पत्र ठेवलं. शरच्चंद्र निसळ निवृत्त न्यायाधीश आहेत, कागद दोनदा वाचल्याशिवाय बोलत नाहीत.

“खोपडे मॅडम, स्वयंपाकीणबाईंच्या मुलीसाठी तुम्ही अख्खी यंत्रणा पाडलीत असं म्हणतील लोक.”

“म्हणू देत.”

“जी दोन नावं पहिली आहेत त्यांचं काय? त्यांनी काय पाप केलं? आणि नियम मोडायचाच होता तर तो तुमचाच बरा सापडला!”

“मोडत नाहीये साहेब, वापरतेय. मी तीन वर्षं ज्यावर सही केली ते खरं नव्हतं. अशा बाईचं काय करायचं ते कलम सोळात लिहिलंय. नीट लिहिलंय, वाचून बघा.”

निसळांनी ते खरंच वाचलं. मग पेन उघडलं, आणि सही करण्याआधी उभे राहिले. इतक्या वर्षांत ते माझ्यासाठी पहिल्यांदाच उभे राहिले होते.

*

ओवीला मी सगळं सांगितलं तेव्हा ती आनंदानं उड्या मारेल अशी माझी समजूत होती. ती लालबुंद झाली.

“तुमी मला एकदा तरी विचारलं का? टेस्टर केलंत तवा नाय विचारलं. आता बंदी घेऊन आलात, तवा पण नाय. आता मी पडले की तुमची तीस वर्षं पाण्यात. हे वझं पाठीवर घेऊन चढू का मी?”

“माझं मी बघून घेईन.”

“तुमचं तुमी बघता, माझं पण तुमीच बघता. मग मी काय करते इथं?”

ती पाय आपटत निघून गेली. तिचं बरोबर होतं. मी तिच्या पडण्याचा वापर केला, आणि आता तिच्या चढण्याचा करायला निघाले होते. सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिची आई मला ताटात पोळी वाढायची, पण दुसरी हवी का, हे विचारायची नाही.

*

निवड चाचणीच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले. बंदी घातलेल्या माणसाला खाली मैदानात पाऊल टाकता येत नाही. हिमाचलमधून आलेल्या सेटरनं मार्ग रचला होता, छत्तीस पकडींचा, आणि भारमापक बंद होते. दहा मुली एकांत खोलीत होत्या. आधी चढणाऱ्यांना पाहून नंतरच्यांनी शिकू नये, म्हणून सगळ्यांना तिथे कोंडून ठेवतात. फक्त सुरुवातीला सहा मिनिटं त्यांना एकत्र बाहेर आणून मार्ग दाखवतात.

या सहा मिनिटांची आमच्या खेळात एक जुनी रीत आहे. मुली भिंतीकडे बघत हवेत हात फिरवतात, आणि एकमेकींना विचारतात. इकडून धरू की तिकडून? इथे पाय बदलावा लागेल का? थोड्या वेळानं ज्यांना हरवायचं त्यांनाच सगळं सांगून मोकळ्या होतात. दुसऱ्या कुठल्या खेळात हे होत असेल असं मला वाटत नाही. पण जुळ्या आल्यापासून ही रीत मेली होती. आपण सांगितलेली युक्ती दुसरीनं सरावात वापरली की ती तिच्या जुळीच्या अंगात जायची, कायमची. म्हणून गेली चार वर्षं मुली हात खिशात घालून, तोंड मिटून भिंत बघायच्या. मला ते दिसत होतं आणि मी त्याला एकाग्रता म्हणत होते.

आजही त्या तशाच उभ्या होत्या. मिनिटभर गेलं. मग मणिपूरची थोइबी हलली. जुळ्यांच्या यादीत ती दुसरी होती. जुनी यादी टिकली असती तर तिची जागा पक्की होती. सहा वर्षं मुळशीत राहून तिनं स्वयंपाकघरातलं मराठी उचललं होतं. उंची ओवीएवढीच.

“ओवी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “ते पंधरा, आपण बुटक्यांना कसं?”

ओवीनं तिच्याकडे बघितलं. मग हात वर केला आणि हवेत दाखवलं: डावा पाय उंच, टाच अडकव, मग उजवा हात उलटा. थोइबीनं करून पाहिलं. तिसरी पुढे आली, चौथी आली. बंगळूरची चैत्रा, यादीत पहिली, तिनं मान हलवून हुज्जत सुरू केली की टाच नकोच तिथे. शेवटच्या तीन मिनिटांत दहाही मुली एका घोळक्यात हात नाचवत भांडत होत्या. गॅलरीत माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, “तुम्ही रडताय का हो?” मी म्हटलं, “हो.”

चिठ्ठ्या टाकून क्रम लागला. ओवी शेवटची.

चैत्राचा पाय बाविसाव्या पकडीवर निसटला. दहा हजारांत ती पहिलीच आली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्या दिवशी चढाई एकच होती, आणि ती माझ्यामुळे होती. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, पण मला फार वाईट वाटलं. थोइबी पस्तिसापर्यंत गेली आणि अख्खं सभागृह उठलं. दिल्लीची एक मुलगी तिसावर पडली. म्हणजे दुसरी जागा मिळवायला ओवीला एकतीस हवे होते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एकांत खोलीतून येणाऱ्या ओवीला नव्हतं.

मार्ग नवा होता, पण जुळीनं सांगितलेले आकडे तिच्या डोक्यात तेच होते. ती चौदावरून गेली. एकोणिसावर क्षणभर थांबली आणि गेली. तेविसावर तिनं डोळे मिटलेले मला गॅलरीतून दिसले, पण गेली. तिसाव्या पकडीला दोन बोटं मावत होती. एकतीस तिच्या हातापासून वीतभर लांब. तिनं पाय शोधला, मिळेना. दुसरीकडे शोधला.

आणि तिची हनुवटी छातीशी आली.

ती खूण मीच तिला शिकवली होती. आता गुडघे वाकतील, हात दोरापासून बाजूला जाईल, आणि ती अलगद, सुरेख सोडून देईल. तीन वर्षं मी खाली उभी राहून म्हणत होते, ‘हां, सोड आता.’

पंच, सेटर, समितीवाले, आम्हा कुणालाही स्पर्धेत तोंड उघडायची मुभा नसते. तीस वर्षांत मी कुठल्याही खेळाडूला साधं ‘शाबास’ म्हटलेलं नाही. पण आता मी कुणीच नव्हते. मी कठड्याला धरून उठले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले.

ओवीची हनुवटी वर आली. पुढे काय झालं ते तुकड्यातुकड्यांत आठवतं. एकतीस. लोक किंचाळताहेत. बत्तीस. तिचं कोपर थरथरतंय. तेहतीस. मग चौतिसाकडे तिनं अंग झोकून दिलं, बोटं पकडीला घासून सुटली, आणि ती पडली. आई गं, कसली पडली! एक पाय आकाशात, एक हात हवेत ओरबाडतोय, तोंडातून शिवी. इतकं ओबडधोबड पडणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या अंगात द्यायला काहीही शिल्लक राहिलं नव्हतं.

पहिली थोइबी, दुसरी ओवी. दोघी आशियाई स्पर्धेच्या संघात. लाउडस्पीकरवरून नावं जाहीर झाली, आणि त्याच्याच मागून माझ्या बंदीची घोषणाही झाली, कलम सोळानुसार, आठ वर्षं. निसळांनी ती स्वतः वाचली, एक शब्द न गाळता. मला दोन्ही घोषणांचा अभिमान वाटला. त्या दिवशी संध्याकाळी या देशात एकाही माणसानं यादीसाठी फोन केला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

मला खाली जाता येत नव्हतं. ओवीच गॅलरीखाली येऊन उभी राहिली, मान वर करून. सहा दिवसांनी पहिल्यांदा बोलत होती. तिच्या बोटांतून रक्त येत होतं.

“ताई, तिसावर मी पाय कुठं ठेवला ओ? मला कायच आठवत नाय.”

“मला काय माहीत!”

“म्हंजी? तुमी पाय नाय बघितला?” तिला ते खरंच वाटेना. “काय करत होता मग?”

“ओरडत होते.”

“काय ओरडत होता?”

“तुझं नाव,” मी म्हणाले, आणि खाली पंचांच्या टेबलापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा एकदा ओरडून दाखवलं.